सोसायटीच्या गेटबाहेर पाणपोई लावायची आहे: माठ किती, पाणी कुठलं, रोजची निगा कशी?

तापीकाठ
गाव जळगाव. सोसायटी चाळीस घरांची, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गेटपासून वीस पावलांवर रिक्षाथांबा. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ पर्यंत जातो. डिलिव्हरीची मुलं, घंटागाडीवरची माणसं, भाजीवाल्या, शिफ्ट सुटलेले कामगार वॉचमनकडे बाटली पुढे करतात. त्याच्याकडे असलं तर मिळतं. या पाडव्यापासून मृगापर्यंत गेटबाहेर पाणपोई ठेवायची असं मीटिंगमध्ये ठरलं आहे. दिवसाला दीडशे-दोनशे माणसं धरली आहेत. वीजेचा कूलर नको, माठच हवेत. पाणी बोअरचं भरपूर आहे, पालिकेचं एक दिवसाआड येतं. माठ किती आणि कसले घ्यावेत, तोटी लावावी की ओगराळं ठेवावं, पाण्यात औषध टाकायचं का, आणि दोन आठवड्यांत उत्साह संपू नये म्हणून काम कसं वाटून घ्यावं? ज्यांनी हे चालवलंय त्यांनी जरा मापासकट सांगा.

घडवंची
आधी हिशेब. उन्हातून आलेला माणूस दीड ग्लास पितो, म्हणजे साधारण ४०० मिली. दोनशे माणसांचे ८० लिटर. बाटल्या भरून नेणाऱ्यांचे ४० धरा. झाले १२० लिटर. वीस लिटरचे सहा माठ घ्या आणि सातवा कुंभाराकडून आणून घरात ठेवा, कारण एक तरी फुटतोच. मोठा रांजण दिसायला झोकदार असतो, पण धुवायला दोन माणसं लागतात. म्हणून तो धुतला जात नाही.

घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बारीक चीर आहे. मग बाहेरून पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मातीत मुरला पाहिजे. ओघळून खाली आला तर वर रंग किंवा पॉलिश आहे, तो माठ पाणी गार करणार नाही. काळा की लाल यावर लोक वाद घालतात, तो सोडा; माठ पाझरतो की नाही एवढंच बघायचं. नक्षी रंगवलेले माठ दिवाणखान्यात शोभतात.

आणल्यावर चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा. नंतरची पहिली दोन-तीन भरणी झाडांना घाला, म्हणजे कच्च्या मातीचा वास जातो.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. माठ पाणी गार करतो ते वेळ घेऊन. भरल्यापासून पाच-सहा तास तरी त्याला द्यावे लागतात. दुपारी बारा वाजता माठ अर्धा झाला म्हणून कोणी उत्साहाने गच्चीच्या टाकीचं पाणी ओततं. मे महिन्यात त्या टाकीतलं पाणी चाळीस अंशांना असतं. माठात २६ अंशांचं दहा लिटर, त्यात चाळीसचं दहा लिटर, की सगळं ३३ वर. मग लोक म्हणतात माठ खराब निघाला. म्हणून नियम असा: अर्ध्या माठात कधीही ओतायचं नाही. चार माठ रात्री नऊला भरायचे, ते सकाळी दहाला उघडायचे. दोन सकाळी सहाला भरायचे, ते दुपारी एकला. संपलेला माठ पालथा घालायचा, रात्रीच भरायचा. झाकणावर खडूने १ ते ६ आकडे टाका, म्हणजे वॉचमनला विचारायला लागत नाही.

तोटी की ओगराळं? तोटी. ओगराळं स्वच्छ असतं ते पहिल्या दिवशी. नंतर ते माठावर आडवं पडतं, त्याला हात लागतात, कोणी ते खाली ठेवतं आणि तेच आत बुडतं. तोटीचं भोक कुंभाराकडून भाजण्याआधीच पाडून घ्या. घरी ड्रिलने पाडताना माठ तडकतो. तोटीला रबरी वॉशर दोन, एक आतून एक बाहेरून, आणि नट फक्त हाताने आवळायचा. पान्हा लावला की माठ गेला. फिरवायची तोटी लोक अर्धवट उघडी ठेवून जातात, म्हणून दाबली की चालू आणि सोडली की बंद होणारी घ्या. तोटी तळापासून दीड-दोन इंच वर हवी. गाळ खाली राहतो. पण तेवढं पाणी रोज माठ वाकवून काढून टाकावंच लागतं, नाहीतर महिन्याभरात तळाला हिरवं धरतं.

भरलेला माठ मातीच्या वजनासकट सत्तावीस-अठ्ठावीस किलोचा. सहा मिळून एकशे पासष्टच्या आसपास. प्लास्टिकचं स्टूल, विटांचा ढीग असलं काही नको. लोखंडी अँगलची घडवंची करा, तोटी जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर येईल अशी, आणि एक माठ दीड फुटावर, लहान मुलांसाठी. माठाखाली चुंबळ किंवा ओलसर वाळूचा ट्रे. ट्रेमध्ये पाणी साचलेलं दिसता कामा नये.

सावली पश्चिमेकडून हवी, दुपारचं ऊन तिकडून येतं. हिरवी जाळी लावा, पण माठापासून दोन फूट लांब. वारा अडला की माठाचं काम थांबतं. निंबाची सावली सुरेख, फक्त वर कावळे बसतात हे लक्षात ठेवून पत्र्याचा एक तुकडा टाका.

तापीकाठ
सविस्तर माहितीबद्दल आभार. अर्ध्या माठात ओतायचं नाही हे लक्षातच आलं नव्हतं, आमचा बेत नेमका दुपारी भर घालायचा होता. आता पाण्याचं. बोअर चालेल का? चवीला जरासं जड आहे.

टीसीएल_मास्तर
जड पाण्याचे दोन प्रश्न आहेत, एक माठाचा आणि एक माणसाचा.

माठाचा सोपा. पाणी बाहेर झिरपून उडतं, क्षार मागे राहतात. तीन-चार आठवड्यांत माठावर पांढरी खार चढते, छिद्रं बुजतात, माठाला घाम फुटायचा बंद होतो. आठवड्यातून एकदा बाहेरून काथ्याने आणि साध्या पाण्याने घासलं तर बराच काळ निभावतं.

माणसाचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटतो. बोअरचं पाणी लोकांना प्यायला द्यायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा असते, तिथून एकदा तपासून आणा. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० ही शेवटची हद्द. नायट्रेट ४५ च्या आत. फ्लोराइड १ च्या आत, फार तर दीड. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत, क्लोरीनने जात नाहीत, नुसती तुरटी फिरवूनही भागत नाही. यातलं एक जरी हद्दीबाहेर आलं तर बोअर झाडांना ठेवा आणि माठ पालिकेच्या पाण्यावर चालवा. १२० लिटर म्हणजे दोन दिवसांचं २४०. झाकणाचा एक ३०० लिटरचा ड्रम पुरतो.

औषध टाकायचंच. पालिकेचं पाणी असलं तरी ड्रममध्ये दोन दिवस राहिलं की त्यातला क्लोरीन उडतो. कृती देतो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्के क्लोरीन असतो. पंधरा ग्रॅम पावडर अर्ध्या लिटर पाण्यात. भांडं प्लास्टिकचं, आधी पाणी मग पावडर, तोंड बाजूला ठेवून, मोकळ्या हवेत. ढवळून अर्धा तास ठेवा. वरचं निवळ पाणी गडद रंगाच्या बाटलीत गाळून घ्या, खालचा चुना टाकून द्या. हे झालं एक टक्क्याचं द्रावण. बाटलीवर तारीख आणि ‘पिऊ नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आठवड्याने उरलेलं फेकून नवं करा.

१०० लिटरला या द्रावणाचे १० मिली. ड्रममध्ये टाकायचे, माठात नाही. माठाच्या भिंतीला जो थर असतो तोच क्लोरीन खाऊन टाकतो आणि पाण्याला काही उरत नाही. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा, मग माठ भरा. ओटी टेस्टचं छोटं किट मिळतं: नळीत पाणी, थेंब टाकायचे, पिवळेपणा पट्टीशी जुळवायचा. माठ भरताना पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. रंगच आला नाही तर पाण्यात घाण जास्त आहे किंवा पावडर मेली आहे. दुसरं कारण नेहमीचं. किराणा दुकानात उघड्या पोत्यातून पुडी बांधून मिळते ती पावडर निम्मी उडालेली असते, कितीही टाका. बंद पाकीट घ्या आणि उघडल्यावर घट्ट डब्यात ठेवा.

हे सगळं झेपत नसेल तर औषधाच्या दुकानात पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनचे थेंब मिळतात. मात्रा बाटलीवर छापलेली असते.

वाळा
एवढा दवाखाना कशाला? पाणपोईच्या पाण्याला वाळ्याचा वास यायचा, मोगऱ्याचं फूल तरंगायचं. त्यात क्लोरीन म्हणजे पोहण्याच्या तलावाचं पाणी. तुरटी फिरवा, वाळ्याची जुडी टाका, लोक दुवा देतील.

टीसीएल_मास्तर
वाळ्याशी माझं भांडण नाही, पण त्याचं काम वासाचं आहे. तुरटीचं काम गाळ खाली बसवण्याचं आहे. जंतू दोघेही मारत नाहीत. आणि वाळ्याच्या मुळ्या क्लोरीन शोषतात, म्हणजे सकाळी ०.५ असलेलं पाणी दुपारी शून्यावर येतं. घरच्या माठात, आपल्याच माणसांसाठी, रोज बदललेल्या पाण्यात वाळा जरूर टाका. उकळत्या पाण्यातून काढलेली जुडी, फडक्यात बांधून, तीन दिवसांनी बदलून. दोनशे अनोळखी माणसांच्या माठात एका गॅस्ट्रोची किंमत फार मोठी असते. क्लोरीनचा जो वास म्हणताय तो बहुतेक वेळा मात्रा अंदाजपंचे टाकल्याने येतो. मोजून टाकला तर रात्रीच्या भरणीचा वास सकाळी दहापर्यंत जवळजवळ जातो.

वाळा
बरं. जुडी झाकणाला बाहेरून बांधली तर?

टीसीएल_मास्तर
बांधा. पाण्याला लागली नाही म्हणजे झालं.

थांबा_नंबर_तीन
पाण्याचं झालं, आता पिणाऱ्याचं बघू. चांगल्या पाणपोईकडेही लोक फिरकत नाहीत, त्याची कारणं ठरलेली असतात.

पहिलं, पाणी आजचं आहे की परवाचं हे कळत नाही. दहा बाय बारा इंचाची पाटी घ्या आणि रोज खडूने लिहा: ‘पाणी भरलं: काल रात्री ९. माठ धुतले: काल रात्री ८.’ ज्या दिवशी पाटी बदलली नाही त्या दिवशी लोक बरोबर ओळखतात. संस्थेच्या नावाचा आणि ‘स्मरणार्थ’चा फलक लावायचाच असेल तर या पाटीपेक्षा छोटा लावा. चार फुटी फ्लेक्स पाहून नवखा माणूस समजतो की आत काही कार्यक्रम आहे.

दुसरं, ग्लास. साखळीचे दोन स्टीलचे ग्लास ठेवा, पण साखळी अशा लांबीची की ग्लास सुटला तर जमिनीपासून हातभर वर लोंबेल. लांब साखळीचा ग्लास धुळीत पडतो, कुत्रं चाटून जातं, आणि पुढचा माणूस त्याच ग्लासात बघत उभा राहतो. ग्लास पालथा टांगायला खुंटी हवी. बरेच जण वरून पितात किंवा बाटली भरतात. म्हाताऱ्यांना मान मागे करून वरून पिता येत नाही, ठसका लागतो. त्यांच्यासाठी ग्लास लागतोच, म्हणून तो दिवसातून दोनदा साबणाने घासायचा. माठाला मात्र साबण कधीच लावायचा नाही, माती वास धरून ठेवते. कागदी कप नकोत. तासाभरात नालीत शंभर कप होतात आणि पाणपोई बंद करायची पहिली मागणी तुमच्याच सोसायटीतून येते.

तिसरं, चिखल. तोटीखाली बादली ठेवाल तर ती अकरा वाजता भरून वाहते. दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल खड्डा करून खाली मोठे दगड, वर खडी भरा. किंवा पन्हळ करून पाणी झाडाच्या आळ्यात सोडा. ओल्या जागेत घसरायला होतं, डास होतात, आणि चप्पल भरेल म्हणून नीटनेटक्या कपड्यातला माणूस पुढे येत नाही.

चौथं कारण बोलायला अवघड आहे. माठ गेटच्या आत असतील आणि वॉचमनला विचारून प्यायचं असेल तर कचरा वेचणारी बाई येणार नाही. तहान लागली तरी येणार नाही. तिला अनुभव असतो. पाणी ओतून देणारा माणूस ठेवू नका, असा माणूस लागू नये म्हणूनच तोटी आहे. जुन्या पाणपोयांवर काहींना भांडं मिळायचं आणि काहींच्या ओंजळीत हातभर उंचीवरून धार पडायची, हे आपल्याकडे फार लांबचं नाही. जोतीरावांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणून माठ रस्त्यावरून दिसतील असे, कुणाला न विचारता हात पोचेल असे ठेवा. फुटपाथवर जागा व्यापत असाल तर प्रभाग कार्यालयात एक साधा अर्ज देऊन पोच घ्या. घडवंची गेटच्या भिंतीला लागून आणि चालायला चार-पाच फूट मोकळे राहतील अशी ठेवली की सहसा कुणी हरकत घेत नाही.

लेणीवेडा
विषय निघालाच आहे म्हणून एक अवांतर. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने डहाणू, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ केल्या असं कोरलंय. प्रपा म्हणजे पाणपोई. तापीकाठच्या पाणपोईची नोंद सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा धागाकर्त्याचं टोपणनाव फिट्ट बसलंय!

खाडीकाठचा
ठाण्यात हेच करायचं असेल तर? आमच्याकडे माठाचं पाणी नावालाच गार होतं.

घडवंची
कारण हवा दमट. माठाचं पाणी जास्तीत जास्त ओल्या कापडाच्या थर्मामीटरइतकं उतरू शकतं. जळगावला ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ती हद्द २३ च्या आसपास येते, म्हणजे माठ २६-२७ वर आरामात जातो. ठाण्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तीच हद्द २९. हवेपेक्षा फरक चार-पाच अंशांचाच. तिथे माठाच्या मागे लागू नका. तोटीचे झाकणबंद स्टीलचे पिंप घ्या, पाणी पहाटे भरा आणि सावलीत ठेवा. तिथल्या माणसाला घाम जास्त येतो, त्याला गारव्यापेक्षा पाणी हाताशी असणं महत्त्वाचं. विदर्भात उलट, माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं तर दुपारीही छान गार राहतं. मात्र गोणपाट रोज पिळून वाळवायचं, नाहीतर कुबट वास येतो.

तापीकाठ
आता कामाची वाटणी तेवढी सांगा. चाळीस घरं आहेत, पण मीटिंगमध्ये हात वर करणारे आणि रात्री नऊला खाली येणारे यांत फरक असतो.

थांबा_नंबर_तीन
दहा घरं धरून चला. रोज एक घर अशी पाळी लावू नका, चाळीस दिवसांनी येणारी पाळी कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन घरांची जोडी, सलग सहा दिवस. पाच जोड्यांत महिना निघतो. काम रात्री चाळीस मिनिटांचं: माठ रिकामे करणं, आतून हाताने काथ्या फिरवणं, विसळणं, भरणं, तोंडावरचं फडकं बदलणं, पाटी लिहिणं. सकाळी पंधरा मिनिटं. आतल्या भिंतीला बोट लावून बघायचं, बुळबुळीत लागलं तर तो माठ दुसऱ्या दिवशी उन्हात पालथा, त्या दिवशी पाच माठांवर भागवायचं. आठवड्यातून एकदा असं प्रत्येक माठाला मिळालं पाहिजे, ड्रमलाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस लागतात, आठवड्याचा कोरडा दिवस पाळला की त्याची साखळी तुटते.

पहिले दोन आठवडे कोणीही करतं. गाडी अडते ती मेच्या सुरुवातीला, शाळांना सुट्टी लागून लोक गावी गेले की. ती जोडी आत्ताच ठरवा. आणि जमत नसेल त्या दिवशी माठ पालथे घालून पाटीवर ‘आज पाणी नाही’ लिहा. लोक समजून घेतात. शिळं पाणी ठेवलेलं मात्र एकदा कळलं की दहा दिवस कुणी येत नाही.

पाण्यात साखर-मीठ, लिंबू, सरबत घालू नका, उन्हात लवकर आंबायला लागतं आणि मुंग्या येतात ते वेगळंच. ओआरएसची पाच-सहा पाकिटं वॉचमनच्या टेबलात असू द्या, एक पाकीट एक लिटरला, चोवीस तासांत संपवायचं. मात्र कोणी बडबडायला लागला, अंग तापून तो भोवळला, तर तोंडात पाणी ओतायचं नाही. सावलीत आडवं करा, अंगावर ओली फडकी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

मातीकाम
बाकी सगळं आलंय, शेवटचं राहिलं. मृगाचा पाऊस झाला की लोक माठ तसेच ठेवून जातात आणि त्यात पहिलं पाणी साचतं. पाऊस लांबला तर पाणपोई लांबवा, तारखेला बंद करू नका, जूनचे ते आठ-दहा दिवस सर्वांत घामाचे असतात. बंद केल्यावर माठ पुढच्या वर्षी पिण्यासाठी वापरू नका. छिद्रं बुजलेली असतात, गार होणार नाही. तोटी आणि वॉशर काढून जपून ठेवा, ती दोन-तीन हंगाम चालते. तोटीचं भोक मोकळं ठेवून माठात माती भरली तर गवती चहा लावायला जागा होते, भोकातून पाणी निथळतं. आणि एखादा तडकलेला असेल तर त्याचा खालचा भाग कुंभाराकडून कापून घ्या. दीड इंच पाणी आणि मधोमध एक दगड ठेवला की चिमण्यांना बसून पिता येतं. तेही पाणी रोज बदलायचं.